मधला चेंडू कुणाचा?



टेनिस म्हटलं की आपण म्हणतो, हा शहरातल्या क्लबाचा खेळ, आपला काय संबंध? आपल्या नांदेड-लातूरकडं कुस्ती ठाऊक, कबड्डी ठाऊक. पण ह्या खेळाचा एक प्रकार ज्याच्या शेतात सामाईक विहीर आहे, त्यानं जरूर समजून घ्यावा. तो प्रकार म्हणजे दुहेरी. जाळीच्या अल्याड दोघं, पल्याड दोघं.

आधी मैदान मोजू. लांबी 78 फूट. रुंदी एकेरीला 27 फूट, दुहेरीला 36 फूट. मधोमध जाळी. हिशेब केला तर एकेरीत एका गड्याला आपल्या बाजूचा सुमारे एक गुंठा राखावा लागतो. दुहेरीत दोघांना मिळून सव्वा गुंठा. म्हणजे काम हलकं झालं, असं वाटेल. पण खरी मेख पुढंच आहे. दोघांच्या मधे बांध नसतो. चेंडू बरोबर मधून आला, की तो कुणी घ्यायचा? दोघंही म्हणाले, ‘तो घेईल’, तर चेंडू तसाच निघून जातो. दोघंही धावले, तर रॅकेटवर रॅकेट आपटते. जाणते खेळाडू म्हणूनच दोघांच्या मधे चेंडू मारतात.

आपल्या महाराष्ट्रातच हे पाहायला मिळालं. चेन्नईला भरणारी व्यावसायिक टेनिस स्पर्धा 2018 साली पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आली. 2021 चा अपवाद सोडता 2023 पर्यंत ती तिथं दरवर्षी भरली. तिथल्या दुहेरीत 2019 साली रोहन बोपण्णा आणि दिविज शरण ही आपली जोडी जिंकली. इंग्लंडच्या ल्यूक बॅम्ब्रिज आणि स्कॉटलंडच्या जॉनी ओमारा यांना त्यांनी 6-3, 6-4 असं हरवलं. बोपण्णा उजव्या हाताचा, शरण डावखुरा. बैलजोडी जुंपताना कोणता बैल कोणत्या अंगाला चालतो हे आपण पाहतो, तशीच ही जुळणी.

2022 साली बोपण्णा पुन्हा जिंकला, पण जोडीदार निराळा होता, चेन्नईचा रामकुमार रामनाथन. एकाचं वय 41, दुसऱ्याचं 27. मुरलेल्या बैलाशेजारी नवा गोऱ्हा जुंपावा तसं. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्ध पहिला सेट गेला, दुसरा मिळाला. अशा स्पर्धांच्या दुहेरीत तिसरा सेट खेळवत नाहीत. जी जोडी आधी 10 गुण करील आणि किमान दोन गुणांनी पुढं असेल, ती जिंकली. आपल्या जोडीनं 10-6 अशी बाजी मारली. पहिला सेट गमावल्यावर एकानं दुसऱ्याला बोल लावत बसायचं ठरवलं असतं, तर हे झालं नसतं.

चांगली जोडी काय करते ते बघा. प्रत्येक गुणानंतर दोघं जवळ येतात, दोन शब्द बोलतात. जाळीजवळ उभा असलेला गडी पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण करतो, ‘मी अमुक बाजूला सरकणार, तू तमुक सांभाळ.’ चेंडू येण्याआधीच काम वाटलेलं असतं.

नुसत्या ताकदीवर हे जमत नाही. लिअँडर पेस आणि महेश भूपती ही जोडी 1999 साली चारही मोठ्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यात पोचली, त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकली. पुढं दोघांत बिनसलं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला पेसबरोबर खेळायला ना भूपती तयार, ना बोपण्णा. शेवटी देशानं दोन जोड्या पाठवल्या. दोन्ही दुसऱ्या फेरीत हरल्या. सगळेच मोठे खेळाडू, पण एका जुवाखाली मान द्यायला तयार नव्हते.

तोच बोपण्णा 2024 साली ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. वय 43. त्याच वेळी दुहेरीत जगात पहिला क्रमांक. हा कूर्गच्या कॉफीमळ्यातल्या घरातला माणूस. गुडघे झिजलेले, पण बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात वाढवलेल्या योगपद्धतीनं त्यानं ते चालते ठेवले. चाळिशीतच ‘आता माझ्याच्यानं होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. 2025 साली त्यानं व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती घेतली.

आता आपल्या शिवारात या. दोन भावांची एक विहीर. मोटार जळते. थोरला म्हणतो, धाकटा भरून आणील. धाकटा म्हणतो, मागल्या खेपेला मीच आणली होती. आठ दिवस मोटार तशीच, आणि हरभरा फुलोऱ्यात तहानलेला. हाच मधला चेंडू! नोकरीच्या काळात मी असे हरभरे किती तरी पाहिले. पीक रोगानं गेलं नव्हतं, अबोल्यानं गेलं होतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात विहिरीचं एक पाळीभर पाणी वाया जाणं परवडणारं नाही.

म्हणून पेरणीआधी एकदा सगळे बसा. पाण्याच्या पाळ्या कुणाच्या कोणत्या दिवशी, वीजबिल कोण भरणार, मोटार जळाली तर खर्च कसा वाटायचा, हे वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. सातबाऱ्यावर विहिरीतल्या हिश्श्याची नोंद नसेल, तर तलाठ्याकडं जाऊन विचारा. घरात बायकांनाही ह्या बैठकीत बसवा. नवरा-बायको हीसुद्धा जोडीच आहे, आणि बियाण्याचे पैसे कुठं गेले हे एकालाच ठाऊक असेल तर तिथंही चेंडू मधूनच जातो.

बोलणं महिन्यातून एकदा तरी व्हावं. भांडण झालं तरी चालेल, अबोला नको. आणि कधी शंका आलीच की हे काम कुणाचं, तर वाट न पाहता आपण एक पाऊल पुढं टाकावं. पीक हातचं गेल्यावर चूक कुणाची हे ठरवून काय उपयोग?