बिनतारी संदेशवहनातील पोच-संदेश
प्रेषकाने धाडलेला संदेश अचूक मिळाला की नाही, हे ग्राहीने उलट मार्गाने प्रेषकास कळविण्याची योजना. पुनःप्रदायाचा हा एक प्रकार होय. संदेश शुद्ध मिळाल्यास ‘पोच’ व सदोष मिळाल्यास ‘नकार’ असा संकेत परत जातो; नकार आल्यास प्रेषक तोच संदेश किंवा त्याची पूरक चिन्हे पुन्हा धाडतो. अत्यल्प विलंबाच्या पद्धतींत पुनःप्रेषणास फार थोडा अवधी मिळत असल्याने मूळ संदेशाइतकीच पोचेची विश्वसनीयताही महत्त्वाची ठरते.

इतिहास : नेदर्लंड्समधील अभियंते एच. सी. ए. व्हान ड्युरेन यांनी १९४० च्या दशकात रेडिओ-तारायंत्रासाठी अशी स्वयंचलित योजना विकसित केली. तीत प्रत्येक अक्षराच्या सात घटकांपैकी तीन एका प्रकारचे व चार दुसऱ्या प्रकारचे असत. हे प्रमाण बिघडले की चूक ध्यानात येई व अक्षरे पुन्हा मागविली जात.

क्लॉड शॅनन यांनी १९५६ मध्ये असे सिद्ध केले की, ज्या मार्गावरील गोंगाट आधीच्या संकेतांवर अवलंबून नसतो, त्याची कमाल वहनक्षमता परतमार्गामुळे वाढत नाही. मात्र परतमार्ग असल्यास चुका टाळणे पुष्कळ सोपे होते. पुण्यात जन्मलेले (१९३५) व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर थॉमस कैलथ यांनी जे. पी. एम. स्खालक्वाइक यांच्यासह १९६६ मध्ये याची एक सुबक रीत मांडली. ग्राहीचा अंदाज प्रेषकास कळतो आणि पुढील वेळी प्रेषक त्या अंदाजातील चूक तेवढी धाडतो. त्यामुळे चुकीची संभाव्यता नेहमीच्या सांकेतिक पद्धतींपेक्षा कितीतरी वेगाने घटते. तथापि या रीतीत परतमार्ग गोंगाटरहित असल्याचे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात पोचही हवेतूनच जाते व पुष्कळदा ती हातातील लहान, अल्पशक्तीच्या उपकरणाकडून निघते.

विलंब व चूक : पाचगणी ते वाई हे सरळ रेषेतील अंतर सु. १० किमी. धरल्यास रेडिओतरंगास जाऊन येण्यास सु. ६७ मायक्रोसेकंद, म्हणजे १ मिलिसेकंदाचा पंधरावा भाग, पुरतो. यावरून दिसते की, खरा विलंब अंतरामुळे होत नसून संकेताची उकल करण्यात व पुढील कालखंडाची वाट पाहण्यात होतो. चौथ्या पिढीच्या एका प्रमुख पद्धतीत पुनःप्रेषणाचे एक आवर्तन ८ मिलिसेकंदांचे असते. पाचव्या पिढीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये ३२ बाइटांचा संदेश १ मिलिसेकंदात एक लाखापैकी किमान ९९,९९९ वेळा पोहोचावा, अशी कसोटी घालून दिली.

पोचेच्या वाचनात दोन प्रकारच्या चुका संभवतात. पोच असता नकार वाचला गेल्यास संदेश विनाकारण पुन्हा जातो. हानी थोडी होते. उलट नकार असता पोच वाचली गेल्यास प्रेषक निर्धास्त राहतो व संदेश वेळेत कधीच पोहोचत नाही. समजा, पहिले प्रेषण दहांतून एकदा फसते आणि नकार हजारांतून एकदा पोच म्हणून वाचला जातो. तर केवळ या कारणाने दहा हजारांतून एक संदेश गमावला जाईल. वरील कसोटीने दिलेल्या मुभेच्या हे दहापट आहे. यंत्रमानव थांबविण्याची आज्ञा किंवा विद्युत् जालातील दोषाची सूचना यांसारख्या संदेशांत ही त्रुटी घातक ठरू शकते.

उपाय : (१) कालखंड लहान करणे. पाचव्या पिढीत १ मिलिसेकंदाच्या कालखंडाऐवजी त्याचा अर्धा, पाव वा अष्टमांश कालखंड वापरता येतो आणि त्यातीलही काही थोडी चिन्हे घेऊन संदेश धाडता येतो. (२) वाचनाचा उंबरठा एका बाजूस झुकविणे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा व्यवहारातील न्याय येथे उलटा लावावा लागतो : संकेत स्पष्ट नसेल अथवा मुळीच आला नसेल, तर तो नकारच समजला जातो. (३) पोचेची पुनरावृत्ती करणे. हिचा पूर्ण लाभ होण्यासाठी दोन्ही वेळच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. पसरणी घाटातून ताशी ३६ किमी. वेगाने जाणारे वाहन १ मिलिसेकंदात केवळ १ सेंमी. सरकते, तर ३·३ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. ९ सेंमी. असते. म्हणजे क्षीण झालेला संकेत त्या अवधीत क्षीणच राहतो. डोंगराच्या सोंडेआड तर ही स्थिती काही सेकंद टिकू शकते. अशा ठिकाणी लागोपाठच्या पुनरावृत्तीपेक्षा निरनिराळ्या कंप्रता, अनेक आकाशक किंवा दोन वेगवेगळ्या दिशांची केंद्रे यांचा उपयोग अधिक होतो. (४) पोचेची वाट न पाहता संदेश ठराविक वेळा धाडणे. यात विलंब वाचतो. परंतु पहिलेच प्रेषण यशस्वी झाले असल्यास उरलेली प्रेषणे वाया जातात.

प्रत्येक उपायाची किंमत कंप्रतापट्टा, शक्ती अथवा वेळ यांपैकी कशात तरी मोजावी लागते. म्हणून साध्या संभाषणासाठी व चित्रांसाठी सौम्य आणि नियंत्रणाच्या आज्ञांसाठी कडक, अशी पोचेची वेगवेगळी व्यवस्था एकाच जाळ्यात ठेवणे सोयीचे ठरते.