घराची किंमत सांगण्याचा अधिकार कोणाला?

पालकसभेत मुलांच्या अभ्यासाचा विषय संपला, की चहाच्या वेळी जे प्रश्न निघतात ते बहुधा घराजमिनीचे असतात. सालवड आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात त्याचे नवल वाटू नये. औद्योगिक वसाहत उभी राहिली ती इथल्याच गावांच्या जमिनीवर. अणुशक्ती केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि पुढे तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. आता बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. अशा प्रत्येक वेळी कोणीतरी येतो, भिंती मोजतो, छपराकडे पाहतो आणि कागदावर एक आकडा लिहितो. त्या आकड्यावर पुढचे आयुष्य ठरते. तो लिहिण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

आम्हीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वर्गबंधूला घरावर मजला चढवण्यासाठी कर्ज हवे होते. ‘शासनमान्य मूल्यांकनकार’ असा शिक्का असलेल्या एका गृहस्थाकडून त्याने आमच्याच सांगण्यावरून अहवाल करून घेतला. अहवाल छान बांधलेला होता, फोटो रंगीत होते, फीही रोख मोजली होती. बँकेने तो पाहून परत दिला. हे गृहस्थ बँकेच्या यादीत नव्हते. त्यांनी फसवले असे आम्ही म्हणणार नाही. शिक्क्यातला ‘शासन’ हा शब्द वाचून आम्ही थांबलो आणि कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कामासाठी, हे विचारायचे राहून गेले. बांधकाम, बँक व महसूल या क्षेत्रांत काम करणाऱ्या आम्हा माजी विद्यार्थ्यांनी या लेखासाठी एकत्र बसून प्रथम त्याच प्रश्नाचा शोध घेतला.

राहत्या घरांचे मूल्यांकन करण्यासाठी आपल्या देशात वेगळा, सर्व कामांना चालणारा असा एकच परवाना नाही. अमेरिकेत तो आहे. १९८० च्या दशकात तिथल्या बचत व गृहकर्ज संस्था मोठ्या संख्येने बुडाल्या. फुगवलेली मूल्यांकने हे त्यामागचे एक कारण ठरले, म्हणून १९८९ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला मूल्यांकनकारांचे परवाने सुरू करावे लागले. त्यांत केवळ राहत्या घरांपुरता मर्यादित असलेलाही एक वर्ग आहे. आपल्याकडे ज्या कामासाठी जो कायदा, त्याची नोंदणी वेगळी.

सर्वांत जुनी नोंदणी संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४-एबी खालची. हे कलम १९७२ साली आले. स्थावर मिळकतीसाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना या विषयांतील पदवी वा सरकारने तिच्या बरोबरीची मानलेली पात्रता, आणि साधारणपणे दहा वर्षांची सेवा किंवा व्यवसाय, अशी अट नियमांत घातली गेली. २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती कर रद्द केला. कर गेला, पण त्याच्या कायद्याखालची मूल्यांकनकारांची नोंदणी आयकराच्या कामासाठी मागे उरली! वडिलोपार्जित घर विकताना १ एप्रिल २००१ रोजीचे त्याचे मूल्य काढावे लागते, तेव्हा लोक याच मूल्यांकनकाराकडे जातात.

या नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते सामान्य घरमालकासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. गृहकर्जाचे हप्ते थकले आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेतला, तर लिलावापूर्वी ‘मान्यताप्राप्त मूल्यांकनकारा’कडून मूल्य काढून घेणे बँकेवर बंधनकारक आहे. २००२ च्या नियमांत या शब्दांची व्याख्याच दिलेली आहे: कलम ३४-एबी खाली नोंदणी असलेला आणि शिवाय त्या बँकेच्या संचालक मंडळाने मान्य केलेला. दोन्ही अटी एकदम हव्यात. घराची राखीव किंमत फार कमी धरली आहे असे वाटले, तर अहवालावर सही कोणाची आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय आहे, हे आधी पाहावे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करण्यास ४५ दिवसांची मुदत असते. दारावर लागलेली नोटीस लाजेने घडी करून कपाटात ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. ती मुदत त्या कपाटातच संपते.

दुसरी नोंदणी कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालची. तिचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले आणि ती भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे सोपवली गेली. जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे व वित्तीय मालमत्ता असे तिचे तीन वर्ग आहेत, आणि एका वर्गाची नोंदणी दुसऱ्या वर्गाला चालत नाही. जमीन व इमारत या वर्गासाठी वरच्याच विषयांतील पदवी व त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव, किंवा पदव्युत्तर शिक्षण व तीन वर्षांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त संघटनेचे सदस्यत्व घ्यावे लागते, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि मंडळाच्या परीक्षेत ६० टक्के गुण मिळवावे लागतात. ज्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ही मनाई नेमणुकीच्या तीन वर्षे आधीपासून मूल्यांकनानंतर तीन वर्षांपर्यंत चालते. ही नोंदणी मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी आहे. तरीही वसाहतीतला एखादा कारखाना दिवाळखोरीत जातो, तेव्हा त्याचे मूल्य ठरवायला असेच दोन मूल्यांकनकार नेमावे लागतात. थकलेल्या पगाराचा मालमत्तेशी मेळ बसतो की नाही, ते त्यांच्या अहवालातून दिसू लागते. नोंदणीकृतांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

बँकेची यादी, म्हणजे ‘पॅनल’, हा परवाना नव्हे. ती त्या बँकेची स्वतःची निवड असते आणि दुसरी बँक तिला बांधील नसते. कर्जदाराला तिचा परिणाम कसा भोगावा लागतो, ते एका हिशेबाने सांगतो. करारात सदनिकेची किंमत २८ लाख आहे, पण बँकेच्या मूल्यांकनकाराने २४ लाख ठरवली. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने ९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि बँका सहसा दोन आकड्यांपैकी लहान आकडा धरतात. म्हणजे २५ लाख २० हजारांऐवजी फार तर २१ लाख ६० हजार मिळतील, आणि पदरचे २ लाख ८० हजार घालायची तयारी केलेल्या कुटुंबाला ६ लाख ४० हजार उभे करावे लागतील. विसार देण्यापूर्वीच बँकेकडून मूल्यांकन करून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

रेडी रेकनर ही आणखी निराळी बाब. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने केलेला दरांचा तक्ता आहे. त्यात तुमच्या भिंतीला गेलेला तडा दिसत नाही.

भूसंपादनात तर नोंदणीचा आग्रहही नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे घराचे मूल्य ठरवताना जिल्हाधिकारी सक्षम अभियंत्याची किंवा तज्ज्ञाची मदत घेऊ शकतात. या मूल्यात जमिनीची किंमत मिळवून त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरली जाते. म्हणून घराच्या मोजणीत एक खोली सुटली तर नुकसान दुप्पट होते. निवाडा मान्य नसेल, तर निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने सहा आठवड्यांत अर्ज करायचा असतो. त्या अर्जाला नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा स्वतंत्र अहवाल जोडलेला असेल, तर म्हणण्याला वजन येते.

नोंदणी असलेला मूल्यांकनकारही शेवटी कागद मागतोच, आणि आपल्या भागात खरी अडचण तिथे आहे. गावठाणातल्या पुष्कळ घरांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तेवढा असतो. तो घरपट्टीचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. औद्योगिक वसाहतीतला भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो, म्हणून पट्ट्याची किती वर्षे उरली हे पाहिल्याशिवाय त्याचे मूल्य निघत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या जुन्या वतनी जमिनीही १९५८ च्या कायद्यानंतर नव्या शर्तीने परत मिळालेल्या आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर परवानगी आणि सरकारला भरावयाची रक्कम हिशेबात घेतली पाहिजे. ही नोंद न पाहता शेजारच्या जमिनीचा दर लावणारा अहवाल, सही कोणाचीही असो, आम्ही स्वीकारणार नाही.

मूल्यांकनकारांसाठी एकच राष्ट्रीय संस्था असावी, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये विधेयकाच्या मसुद्यासह केली होती. तो मसुदा मसुदाच राहिला.

जाता जाता दहावीच्या मुलांसाठी एक हिशेब. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका या नोंदणीला पुरत नाही. सोळाव्या वर्षी पदविकेला प्रवेश घेतला, तीन वर्षांनी थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेलात, आणखी तीन वर्षांत पदवी मिळवलीत आणि नंतर पाच वर्षे काम केलेत, तर सत्ताविसाव्या वर्षी मंडळाकडे अर्ज करता येईल. पालघर जिल्ह्यातल्या ज्या घरांची मोजणी उद्या व्हायची आहे, त्यांतली काही तुमच्याच नातेवाइकांची असतील. ती मात्र नियमाप्रमाणे दुसऱ्याकडे सोपवावी लागतील.