मिळवलेलं आपलं म्हणताना

पिंपळनेर परिसरात एखादी मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली आणि कोणी कौतुक केलं, की उत्तर ठरलेलं: "त्यामा काय मोठं शे!" चारचौघांत हा नम्रपणा शोभतोही. पण एकटं असतानाही मन हेच घोकत राहिलं, तर केलेल्या कष्टांची दखल कोणीच घेत नाही, आपण स्वतःसुद्धा.

नशिबाच्या नावावर

पॉलीन क्लान्स आणि सुझान आयम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिताना हेच टिपलं. मिळालेलं यश या स्त्रिया नशिबाच्या किंवा कोणाच्या तरी गैरसमजाच्या खाती टाकत, आणि आपलं पितळ उघडं पडेल या धास्तीत राहत.

सामोड्याचा मुलगा

याउलट उदाहरणही जवळचंच आहे. पिंपळनेरजवळच्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले. जन्माआधीच वडील गेले. आईने मोहाची दारू विकून मुलं वाढवली. गिऱ्हाइकं फरसाण आणायला पोराला पिटाळत आणि वर थोडे पैसे हातावर ठेवत. त्यातून तो पुस्तकं घेई. पुढे अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय, मुंबईत एमबीबीएस, मग आयएएस आणि नंदुरबारचं जिल्हाधिकारीपद.

आयएएसपर्यंतचा प्रवास त्यांनी 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात मांडला. मला त्यात मोलाचं वाटतं ते असं की, पद सांगताना त्यांनी झोपडी लपवली नाही आणि झोपडी सांगताना पदाबद्दल संकोचही केला नाही. आईचे कष्ट आईच्या नावावर, स्वतःचे स्वतःच्या. याला गर्व कोण म्हणेल?

स्वतःवर माया

असं आपलं श्रेय आपल्याला द्यायला स्वतःवर माया लागते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या मायेचे तीन धागे सांगितले: स्वतःशी प्रेमाने वागणं, अडचणी सगळ्यांनाच येतात हे ओळखणं, आणि दुःख न दडपता, न फुगवता पाहणं.

वहीत काय लिहावं

आपल्या कष्टांची एक वही ठेवावी. कांद्याच्या हिशेबात खर्च आणि आवक दोन्ही मांडतो, तसंच इथेही करावं. "हुशार आहे" असं मोघम नको. "दिवसा कांदा भरला, रात्री बारावीचा अभ्यास केला. गणिताला दोनदा रडले. मामींनी महिनाभर डबा दिला. पास झाले," इतकं नेमकं हवं. मामींचा डबा लिहिल्याने आपला अभ्यास कमी होत नाही. गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले असतील तर तेही लिहावं, फक्त मैत्रिणीला सांगताना जे शब्द वापरू त्याच शब्दांत. आणि पुढच्या वेळी कोणी अभिनंदन केलं, तर आधी "हो, खूप मेहनत घेतली" एवढं म्हणून पाहावं.