ब्लोअर घेण्याआधी बाग मोजा

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न दोघांनी विचारला. पहिला फोन कॅनडातून, माझ्या पुतण्याचा. त्याने गावाबाहेर घर घेतले आहे. घरापासून रस्त्यापर्यंत लांबलचक वाट आहे आणि हिवाळ्यात ती बर्फाने बुजते. त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे. "काका, त्याला ब्लोअर जोडायचाय. कोणता घेऊ?" दुसरा प्रश्न आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या मुलाचा. नोकरी पुण्यात, पण घरची द्राक्षबाग जुन्नर तालुक्यात, आणि शनिवार-रविवार तो तिकडेच असतो. जिन्यात गाठून त्याने विचारले, "काका, मिनी ट्रॅक्टरला ब्लोअर घ्यायचा म्हणतोय. कोणता घेऊ?"

शब्द एकच, कामे वेगळी. तिकडचा ब्लोअर बर्फ उचलून बाजूला भिरकावतो. आपल्याकडे नारायणगाव, नाशिक, सांगली या द्राक्षपट्ट्यात ब्लोअर म्हटले की फवारणीचे यंत्र समजावे: मागे पंखा, त्याभोवती नोझलचे कडे आणि पुढे औषधाची टाकी. पंख्याचा वारा औषधाचे बारीक थेंब पानांच्या गर्दीत आतपर्यंत घेऊन जातो. मात्र दोन्ही यंत्रे चालतात ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर. म्हणून निवडीचे नियम बरेचसे सारखेच आहेत.

या बाबतीत आमच्या घरी एक चूक झाली आहे, ती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी चारशे लिटरचा, ट्रॅक्टरवरच उचलला जाणारा ब्लोअर घेतला. शेजारच्या बागेत तोच होता, एवढेच कारण. पण शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर सत्तावीस अश्वशक्तीचा होता. आमच्या बागेत चढ आला की पुढची चाके हलकी व्हायची आणि सुकाणू ऐकायचे नाही. पंखा सुरू केला की इंजिन दबायचे. ओळीच्या बाहेरची पाने ओलीचिंब आणि आतले घड कोरडे. त्या वर्षी छाटणीनंतर पाऊस झाला आणि केवडा नेमका आतल्या पानांवर सुरू झाला. मग जास्तीच्या फवारण्या, जास्तीचा खर्च आणि शेवटी निर्यातीला माल द्यायचा की नाही ही धाकधूक.

ही धाकधूक उगाच नव्हती. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश किती चालेल, याची मर्यादा ठरलेली असते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश जास्त आढळले आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. अनेक बागायतदारांचे कंबरडे तेव्हा मोडले. त्या वेळचे कारण फवारणीयंत्र नव्हते. पण औषध किती आणि कुठे पडते, याला केवढे महत्त्व आहे हे त्यावरून कळते. एकदाच, पण नीट बसलेली फवारणी पुढच्या दोन फवारण्या वाचवते. म्हणून यंत्राची निवड हा नुसता दुकानातला व्यवहार नाही.

आता निवडायचे कसे? माझे सांगणे असे, की आधी बाग मोजा, मग यंत्र ठरवा आणि ते ट्रॅक्टरला झेपते का, हे शेवटी तपासा. आपण नेमके उलटे करतो.

बाग मोजायची म्हणजे काय? दोन ओळींतले अंतर तर मोजायचेच, पण बाग पूर्ण भरलेली असताना गल्ली किती मोकळी उरते, तेही पाहायचे. वाय पद्धतीच्या बागेत वरच्या काड्या गल्लीत झुकतात. चालकाचे डोके तारेला लागते का? ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा असतात, तिथे ट्रॅक्टर आणि यंत्र मिळून वळेल का? जमीन सपाट आहे की उताराची? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तर वाफसा यायला किती दिवस लागतात? केवडा वाफशाची वाट पाहत नाही. ओल्या रानात जे यंत्र जाऊ शकत नाही, ते गरजेच्या दिवशी शेडमध्येच उभे राहते.

मग पाण्याचा हिशेब. तो सोपा आहे, वहीच्या पाठपानावर होतो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. ओळी नऊ फुटांवर असतील तर नऊने भागा. ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर चाल झाली. ट्रॅक्टर शंभर मीटर नव्वद सेकंदांत जात असेल, तर त्याचा वेग ताशी चार किलोमीटर. या वेगाने एकराला बावीस मिनिटे लागतात, वळणांचा वेळ वेगळा. सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला बारा लिटर पडत असेल, तर एकरी सुमारे २६५ लिटर पाणी गेले. आता चालकाने घाई केली आणि वेग सहावर नेला, तर तेच पाणी १८० लिटरच्याही खाली येते. टाकीत औषध तेच, यंत्र तेच, पण वेलीला मिळालेला डोस दोनतृतीयांश. पुष्कळदा आपण औषधाला नावे ठेवतो आणि दोष असतो गिअरचा.

याच हिशेबातून टाकी ठरते. चारशे लिटरच्या टाकीत साधारण दीड एकर होते, सहाशेच्या टाकीत सव्वादोन. मोठी टाकी म्हणजे फेऱ्या कमी, हे खरे. पण पाण्याला वजन असते. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, त्यावर यंत्राचे स्वतःचे वजन. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत उचलक्षमता पाचशे किलो दिली होती, आणि तीही जोडाच्या टोकाशी. वजन जितके मागे सरकते, तितकी ती क्षमता कमी होते. टाकी आणि पंखा तर मागेच असतात. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, नाहीतर सुकाणू हातात असून नसल्यासारखे. पुढे वजने लावून थोडी भरपाई होते, पण तिलाही हद्द आहे.

म्हणून लहान ट्रॅक्टरला दोन वाटा उरतात. एक, उचलून चालणारे पण लहान टाकीचे यंत्र. ते आखूड जागेत वळते, चिखलातही निघते, फेऱ्या मात्र जास्त. दुसरी, स्वतःच्या चाकांवर मागून ओढत नेण्याचे मोठ्या टाकीचे यंत्र. त्याचा भार उचलावा लागत नाही, पण वळायला जागा लागते. उतारावर ते ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि ओल्या रानात रुतते. सपाट, सलग आणि मोठी बाग असेल तर दुसरे. तुकड्यातुकड्यांची, चढउताराची बाग असेल तर पहिले.

आता ताकद. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओपर्यंत येताना त्यातली काही गळते. अठराच्या इंजिनातून पंधराच्या आसपास हाती लागते, असे धरून चालावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागायला संकोच करू नका. यंत्राला किती ताकद लागते, तेही लेखी घ्या आणि थोडी शिल्लक ठेवा. चढावर ट्रॅक्टरला स्वतःलाही ओढायचे असते.

सगळ्यात जास्त ताकद पंखा खातो. त्याचे गणित मोठे विलक्षण आहे. पंख्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. इंजिन कमी पडले की पीटीओचे ५४० फेरे टिकत नाहीत, पंखा मंदावतो आणि थेंब आत पोहोचत नाहीत. आमच्याकडे झाले ते हेच. म्हणून ज्या पंख्याला दोन वेग आणि न्यूट्रल आहे, असा घ्यावा. पोंगा अवस्थेत वेलीवर पाने जवळजवळ नसतातच. तेव्हा जोराचा वारा औषध शेजाऱ्याच्या रानात नेतो. बाग भरल्यावर मोठा वेग लावावा. नोझलही प्रत्येक वेगळे बंद करता आले पाहिजे. जिथे पान नाही तिथे फवारून काय साधणार?

पैसे देण्याआधी यंत्र आपल्याच बागेत, आपल्याच ट्रॅक्टरवर, नुसत्या पाण्याने चालवून बघा. दुकानाच्या अंगणात पंखा जोरात फिरतोच. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे बाहेरच्या पानांना, आतल्या घडांजवळ आणि पानांच्या मागच्या बाजूला टाचा. एक फेरी मारा. कागद सांगेल ते विक्रेता सांगणार नाही. सगळा निळा झाला तर पाणी ओघळते आहे, पिवळाच राहिला तर पोहोचत नाही. बारीक, दाट ठिपके हवेत. पुढे दर हंगामाला प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरून मिनिटभराचे पाणी मोजावे. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पडू लागले की नोझल झिजले, बदला. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. केवडा-भुरीवरचे औषध आणि त्याची वेळ याविषयी तिथला सल्ला घ्यावा.

आणि चालकाचा विचार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. ती फवारणी ब्लोअरची नव्हती, पण धडा सगळ्यांनाच आहे. मिनी ट्रॅक्टरला केबिन नसते. चालक त्या धुक्याच्या पुढे फूट-दोन फुटांवरच बसलेला असतो. मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे हे यंत्राच्या किमतीतच धरा. हात धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची वेगळी छोटी टाकी यंत्रावर असेल तर उत्तम. वारा असेल तेव्हा फवारू नका. पीटीओचा दांडा सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण अडचण होते म्हणून काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. उपरण्याचे टोक त्यात सापडले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आवरण नसलेला दांडा घेऊ नका आणि ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नका.

पुतण्याला मी हेच सांगितले, फक्त पाण्याच्या जागी बर्फ. वाट किती रुंद, बर्फ भुसभुशीत पडतो की ओला, तुझ्या ट्रॅक्टरची पीटीओवरची ताकद किती आणि त्याला उचलवते किती? ब्लोअरचे तोंड मागच्या चाकांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त हवे, नाहीतर चाके न काढलेल्या बर्फातून चालतील. मागे जोडायचा तर काम तासन्‌तास मान वळवून करायचे. पुढे जोडायचा तर ट्रॅक्टरला तशी सोय आहे का, ते पाहा. आणि फेकण्याच्या नळीत बर्फ अडकला तर इंजिन बंद करून काठीनेच काढायचा, हात घालायचा नाही.

शेजाऱ्यांचा मुलगा पुढच्याच शनिवारी मोजपट्टी घेऊन बागेत गेला. रविवारी रात्री परत आला तो वहीत आकडे लिहून. मनात सहाशे लिटरचा ब्लोअर घेऊन गेला होता. घेतला दोनशे लिटरचा, उचलून चालणारा. फेऱ्या जास्त होतात म्हणून कुरकुरतो. पण पिवळे कागद त्याने जपून ठेवले आहेत. घडांच्या मागे टाचलेल्या कागदांवरही बारीक निळे ठिपके आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)