डिकीतला आडवा दांडा

द्राक्षाचा हंगाम संपला, हातात चार पैसे आले की घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू होतात. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, “मुलाने जुनी मोटार घेतली. आता तिच्या डिकीत आडवा दांडा बसवायचा म्हणून गटातून कर्ज काढायला सांगतोय. शर्यतीच्या गाडीला असतो म्हणे. हे आहे तरी काय?” नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या मोटारींच्या शर्यती झालेल्या आहेत, पोरांना त्यांचं आकर्षण असतं. म्हणून आज याच दांड्याविषयी बोलू.

याला स्ट्रट बार म्हणतात. मोटारीच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप असतो. काही गाड्यांत हे दोन्ही मिळून एकच उभा खांब होतो. त्याचं वरचं टोक पत्र्याच्या घुमटासारख्या उंचवट्याला नटांनी आवळलेलं असतं. मागच्या बाजूचे असे दोन उंचवटे एकमेकांना जोडतो तो हा दांडा.

त्याचा उपयोग काय? द्राक्षाचा रिकामा खोका झाकण उघडं ठेवून एका कोपऱ्याने उचला. तो पिळवटतो. तोंडावर आडवी पट्टी घट्ट लावली की बाजू फाकत नाहीत. गाडी वेगाने वळली की बाहेरच्या चाकावर भार येतो, पत्रा केसभर हलतो, चाकाचा कोन किंचित बदलतो. दांडा ही हालचाल कमी करतो. शर्यतीत त्या केसभर फरकाला किंमत आहे. दिंडोरीहून वणीच्या बाजाराला जाणाऱ्याला तो क्वचितच जाणवेल. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या मोटारींत मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात. तिथे या दांड्याचा फायदा आणखी कमी.

तरीही बसवायचाच असेल तर त्याच गाडीसाठी बनवलेला दांडा घ्यावा. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीचे वरचे नट काढले तर खांब खाली सुटतो. कडेचे छोटे नट काढून दांड्याची पट्टी त्या बोल्टवर बसवतात. आधी दोन्ही बाजू सैल लावून मग सारख्या आवळतात. किती आवळायचं हे कंपनीने ठरवलेलं असतं, ते मापाच्या पान्याने पाहावं. मधला मोठा नट मात्र कधीही खोलू नये. दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते. ती सुटली तर माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून हे काम घरी नको, जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. उंचवट्याचा पत्रा गंजलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा. आठवडाभराने नट पुन्हा तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. “दांडा बसवला, गाडी मजबूत झाली, आता जास्त माल भरू,” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दांड्याने ब्रेक, टायर आणि स्प्रिंग बदलत नाहीत. पिकअपला जादा पाटा टाकला तरी तेच. गाडी खाली बसत नाही, म्हणून भार कमी वाटतो, पण थांबवायचं काम त्याच ब्रेकवर असतं. गाडीच्या कागदावर लिहिलेलं वजन तेवढंच राहतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये दंड कायद्यात आहे. आणि खुडणीला जाताना त्या पिकअपमध्ये मागे उभ्या असतो आपणच. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणंही अवघड होतं.

त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं: कर्ज काढायचंच तर आधी टायर, ब्रेक आणि शॉकअप तपासून घ्या. त्यातून उरलं तर दांड्याचं बघू. मुलगा थोडा रुसला. पण तपासणीत मागचे दोन्ही टायर झिजलेले निघाले, आणि कर्ज त्यासाठीच मंजूर झालं.

तुमच्याही गटात असा प्रश्न आला तर चर्चा जरूर करा.