‘विशेष’ न्यायालयात विशेष काय असतं? भ्रष्टाचाराचे खटले आणि निसटणारी वेळ



भ्रष्टाचार हा विषय निघाला की सभागृहातून एक सूचना हमखास येते. ‘विशेष न्यायालयं काढा, वर्षभरात निकाल लावा, मग बघा कसे सगळे सरळ होतात.’ सूचना चांगली आहे, पण नवी नाही. लाचखोरीच्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधीश नेमण्याची तरतूद आपल्याकडे १९५२ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने आली. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ती कायम ठेवली आणि ‘शक्यतो खटला रोजच्या रोज चालवावा’ असंही सांगितलं. २०१८ च्या दुरुस्तीने दोन वर्षांत खटला संपवण्याचा प्रयत्न करा, असं म्हटलं. तेवढ्यात झाला नाही तर कारणं लिहून सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ घ्या, पण एकूण काळ साधारणपणे चार वर्षांच्या वर जाऊ नये, असंही त्यात आहे.

म्हणजे न्यायालय विशेष, कायदा विशेष, मुदतही लिहिलेली. तरी खटले रेंगाळतात. वेळ नेमकी कुठे निसटते, ते आज आपण पाहणार आहोत.

एक साधं, काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याला वारसाची फेरफार नोंद करून घ्यायची आहे. त्यासाठी पैसे मागितले जातात. तो १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करतो. पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग सापळा लागतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावलेली असते. पैसे घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होतं. पंचनामा होतो, अटक होते, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते.

आपल्या दृष्टीने गोष्ट इथे संपते. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

पहिला अडथळा मंजुरीचा. कलम १९ प्रमाणे लोकसेवकावर खटला भरायचा तर त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार असलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. यामागचा हेतू बरोबर आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला कुणीही खोट्या तक्रारीत अडकवू नये, हा तो हेतू. पण फाइल टेबलावर पडून राहिली तर तीच ढाल लाचखोराच्या हाती जाते. म्हणून २०१८ मध्ये कायद्यात मुदत आली : तीन महिने, आणि कायदेशीर सल्ल्यासाठी गरज पडल्यास आणखी एक महिना. २०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक आहे असं स्पष्ट केलं. ती पाळली नाही म्हणून आरोपी सुटणार नाही. उलट, उशीर करणाऱ्या प्राधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल. आता हा जाब प्रत्यक्षात कोण मागतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दुसरा अडथळा वरच्या न्यायालयातल्या स्थगितीचा. भ्रष्टाचाराच्या खटल्याला स्थगिती देऊ नये, असं कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सत्यनारायण शर्मा प्रकरणात त्याची आठवणही करून दिली. तरी वेगवेगळ्या अर्जांवर खटले थांबत राहिले. २०१८ मध्ये न्यायालयाने कडक उपाय केला. सहा महिन्यांनंतर, कारणं देऊन वाढवली नसेल तर, स्थगिती आपोआप उठेल, असा तो निकाल. तो मुळात भ्रष्टाचाराच्याच एका प्रकरणातून आलेला होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो बाजूला ठेवला. दोन्ही बाजूंचं म्हणणं न ऐकता, केवळ कॅलेंडर बघून एखाद्याचं संरक्षण काढून घेता येत नाही, हा त्यातला मुद्दा. वेग हवा, पण तो आपोआप फिरणाऱ्या चावीने येत नाही.

तिसरा अडथळा सगळ्यात गंभीर : साक्षीदार. आपला शेतकरी तक्रार देताना संतापलेला असतो. पाच-सहा वर्षांनी समन्स येतं तेव्हा संताप उरलेला नसतो. तालुक्याच्या कचेरीत त्याची कामं चालूच असतात. कधी मध्यस्थ घरी येऊन बसतो. पंच बहुधा सरकारी कर्मचारीच असतात, त्यांच्या बदल्या होतात, ते निवृत्त होतात. मग कुणी म्हणतं ‘आठवत नाही’, कुणी फितूर होतं, कुणी हयातच नसतं. गुलाबी झालेलं द्रावण बाटलीत तसंच असतं, पण लाच ‘मागितली’ होती हे कोण सांगणार? मागणी सिद्ध झाली नाही तर नुसते पैसे सापडून शिक्षा होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने यावर थोडा मार्ग काढला. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर साक्षी आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येईल, असं सांगितलं. मदत झाली, पण वेळेवर नोंदवलेल्या साक्षीची सर त्याला नाही.

आता दोन मोठे खटले पाहू. पहिला आपल्याच महाराष्ट्रातला. मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला. रामदास नायक यांनी त्यांच्यावर खटला भरला. आमदार असल्यामुळे वेगळी मंजुरी लागते का, या प्रश्नावर विशेष न्यायालयात गाडी अडली. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी लागत नाही असं ठरवलं आणि काम लवकर व्हावं म्हणून खटला थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू चांगलाच होता. पण एप्रिल १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की कायद्याप्रमाणे असा खटला फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतो. उच्च न्यायालयाकडे तो दिल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पाही हिरावला जातो. खटला परत विशेष न्यायाधीशांकडे. सहा वर्षं गेली आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. घाईने काढलेली आडवाट लांबचीच ठरली.

दुसरा खटला जयललितांचा. बेहिशेबी मालमत्तेचा आरोप १९९१ ते १९९६ या काळातला, आरोपपत्र १९९७ चं. त्या पुन्हा सत्तेवर आल्यावर, आधी साक्ष दिलेल्या अनेक साक्षीदारांना परत बोलावलं गेलं आणि त्यांतल्या बहुतेकांनी साक्ष फिरवली. तेव्हा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला राज्याबाहेर, बंगळूरला हलवला. विशेष न्यायालयाने २०१४ मध्ये शिक्षा दिली, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल कायम केला. पण मुख्य आरोपी डिसेंबर २०१६ मध्येच वारल्या होत्या. इतर आरोपी तुरुंगात गेले. ज्यांच्या सत्तेवरून हा सगळा प्रश्न उभा राहिला, त्यांच्यापुरता खटला मृत्यूने संपला होता.

मग काही राज्यांनी वेगळी वाट धरली. ओडिशाने २००६ मध्ये आणि बिहारने २००९ मध्ये विशेष न्यायालय कायदे केले. त्यांत निकालाआधीच बेहिशेबी मालमत्ता सरकारजमा करण्याची कार्यवाही चालवता येते, आणि आरोपी सुटला तर ती परत द्यावी लागते. पाटण्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जप्त घरात २०११ मध्ये शाळा सुरू झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे मूलतः वैध ठरवले. लोकांना परिणाम डोळ्यांसमोर दिसतो, ही यातली ताकद. दोष ठरण्याआधी घर जातं, ही यातली जोखीम.

ही जोखीम हलक्याने घेऊ नका. खोट्या सापळ्यात अडकलेला कर्मचारीही असतो. अटकेत ४८ तासांहून जास्त काळ राहिला की निलंबन, निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता, बढतीचा निर्णय सीलबंद लिफाफ्यात. त्याला दहा वर्षांनी ‘निर्दोष’ म्हणून सांगितलं तर काय मिळालं? उशीर दोषी माणसाला वाचवतो आणि निर्दोष माणसाला शिक्षा देतो. म्हणूनच लवकर निकाल हा फक्त तक्रारदाराचा प्रश्न नाही.

मग करायचं काय? नुसती पाटी बदलून भागणार नाही. जिल्ह्यात ‘विशेष न्यायाधीश’ म्हणून नेमलेल्या न्यायाधीशांकडे खून, दरोडा, अपिलं असं इतरही काम असतं. त्यांना हे एकच काम द्यावं लागेल. सरकारी वकील सलग हवा, दर तारखेला नवा नको. तक्रारदाराची आणि पंचांची साक्ष सगळ्यात आधी, सलग दिवसांत नोंदवली पाहिजे. मंजुरीची मुदत कोणत्या कार्यालयात किती वेळा चुकली, हे दरवर्षी जाहीर झालं पाहिजे.

आणि वरून लक्ष हवं. लोकप्रतिनिधींवरच्या खटल्यांसाठी २०१७ च्या आदेशानंतर १२ विशेष न्यायालयं झाली. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांना सांगावं लागलं, की या खटल्यांवर स्वतःहून देखरेख ठेवा, विरळ आणि सबळ कारणाशिवाय तारखा देऊ नका, माहिती संकेतस्थळावर टाका. नुसतं न्यायालय स्थापन करून पुरत नाही, याची ती कबुलीच आहे.

आपल्या हातात एक काम आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक टाकला की प्रत्येक तारीख दिसते. आपल्या तालुक्यात सापळ्याची बातमी आली की टाळ्या वाजवून थांबू नका. वर्षभराने त्या खटल्याच्या तारखा मोजा. मंजुरी कधी आली, आरोप कधी ठेवले, तक्रारदाराची साक्ष झाली का, एवढे तीन प्रश्न विचारा. ज्याने १०६४ ला फोन करण्याची हिंमत केली, तो कोर्टाच्या व्हरांड्यात एकटा उभा राहू नये, एवढं आपण नक्की करू शकतो.