सहल कोकणची, वेळापत्रक आजीचे

दिवाळीची सुट्टी लागायची असते, फराळाचे डबे अजून भरायचे असतात, आणि कोल्हापुरातल्या घराघरांत कागद-पेन घेऊन बेत सुरू होतो. चार दिवस, एक जीप, नऊ माणसे. आंबा घाटाने उतरायचे, गणपतीपुळे, जयगड, रत्नागिरी, पावस करायचे, मग मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, वेंगुर्ला, जमलेच तर गोवा, आणि परतताना दाजीपूरला गवे बघून रात्रीच्या जेवणाला घरी! कागदावर हा बेत फार छान दिसतो. सुट्टी संपल्यानंतरच्या आठवड्यात मात्र यातली निम्मी मंडळी दवाखान्याच्या बाकावर भेटतात. कुणाची साखर चारशेच्या घरात, कुणाच्या तळपायाला फोड, कुणाला जुलाब, तर कुणाची पाठ धरलेली.

या कागदावर दहा ठिकाणे असतात. पण सत्तरीच्या आजीला दिवसातून तीनदा गोळ्या लागतात, वडिलांना मधुमेह आहे आणि धाकट्याला गाडी लागते, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते. म्हणून माझे सांगणे असे, की बेत उलट्या बाजूने आखावा. घरातले सर्वांत नाजूक माणूस कोण ते आधी ठरवावे, त्याच्या जेवणाच्या, औषधांच्या आणि झोपेच्या वेळा कागदावर मांडाव्यात, आणि उरलेल्या वेळात जेवढी ठिकाणे बसतील तेवढीच घ्यावीत. चार दिवसांत दोन मुक्कामांची गावे पुष्कळ झाली, फार तर तीन. ज्याला दहा ठिकाणे बघायची आहेत त्याने पुढच्या वर्षी पुन्हा जावे. कोकण कुठे पळून जात नाही.

दुसरी सूचना मार्गाची. बहुतेक लोक जंगल शेवटच्या दिवशी ठेवतात. ते पहिल्या दिवशी ठेवावे. कोल्हापूर ते राधानगरी पन्नासएक किलोमीटर, तिथून दाजीपूर आणखी तीसेक. सकाळी आरामात निघाले तरी दुपारच्या जेवणाला पोहोचता येते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी फोंडा घाटाने कणकवलीमार्गे मालवण गाठावे, तेथे दोन रात्री काढाव्यात, आणि रत्नागिरीच्या बाजूला जायचेच असेल तर आंबा घाटाने दिवसाउजेडी परतावे. उलट क्रमाने गेले, की तीन दिवस उन्हात आणि खाऱ्या पाण्यात शिणलेला चालक संध्याकाळी घाट चढू लागतो. मागची सगळी मंडळी झोपलेली असतात आणि त्याच्याही डोळ्यांवर झापड येत असते. कोणत्याही रोगापेक्षा मला या तासाची अधिक भीती वाटते.

घाट आणि गाडी लागणे

करूळ असो, फोंडा असो की आंबोली, घाटातल्या वळणांवर कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळी माहिती देतात आणि त्यातून मळमळ सुरू होते. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवावे, लांबवर रस्त्याकडे बघायला सांगावे आणि मोबाईल हातातून काढून घ्यावा. निघताना पोट रिकामे नको आणि मिसळीने भरलेलेही नको. (सहलीच्या दिवशी सकाळी मिसळ खाऊनच निघायचे, हा आपला कोल्हापुरी हट्ट घाटात महागात पडतो.) आलेपाकाची वडी बऱ्याच जणांना लागू पडते. गोळी घ्यायची तर घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा चालकाने त्या घेऊ नयेत. दोन वर्षांखालील बाळाला देऊ नयेत, आणि काचबिंदू किंवा लघवी अडखळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जंगल

दाजीपूरचे जंगल पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि १९८५ मध्ये ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असते. तेव्हा निघण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी करावी. गवा लांबून बघावा. फोटोसाठी खाली उतरणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की पूर्ण वाढलेला नर सातआठशे किलोचा आणि त्याहून मोठाही असतो.

खरी काळजी घ्यायची ती पायाखाली. फुरसे हा कोकणातला नेहमीचा विषारी साप. हातभर लांबीचा, जांभ्या दगडांच्या फटीत वेटोळे घालून बसणारा. नाग फणा काढून निदान धाक तरी दाखवतो. फुरसे मात्र मातीच्याच रंगाचे असल्याने दिसतच नाही. चावल्यावर सुरुवातीला थोडी सूज आणि आग एवढेच वाटते, आणि काही तासांनी हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागते. म्हणून ‘थोडेसेच लागले आहे, सकाळी बघू’ असे कधीही म्हणू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ रुग्णालय गाठावे. दोरी आवळू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने विष ओढू नये. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. दाजीपूरच्या रानात मोबाईलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची तर फोन कुठून लागतो, हे मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच विचारून ठेवावे. रात्री बॅटरी आणि बूट. चप्पल नव्हे, बूट, आणि ते सकाळी झटकूनच पायात घालावेत.

झटकण्याचे कारण विंचू. कोकणातला लाल विंचू चावला तर वेदनेपेक्षा हृदयावरचा परिणाम घातक असतो. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय ही धोक्याची खूण, विशेषतः लहान मुलांत. पूर्वी या दंशाने पुष्कळ मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात काम करताना या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध येथे जीव वाचवते, हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने ते छापले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा उपाय आपल्याच बाजूच्या कोकणातून निघाला. तेव्हा मंत्र-उताऱ्यात वेळ घालवायला आता काहीच सबब उरत नाही.

डिसेंबर ते मे या काळात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला जंगलात फिरणार असाल तर माकडतापाची माहिती हवी. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो, आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, पाचोळ्यावर बसू नये, आणि संध्याकाळी काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे.

समुद्र

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले ८ जण बुडाले. आपल्यासारखीच घाटावरची माणसे. आपल्याकडे रंकाळ्यात आणि पंचगंगेत पोहायला शिकलेल्यांची एक समजूत असते, की ज्याला पोहता येते त्याला भीती नाही. नदीचे पाणी एका दिशेने जाते. समुद्राचे पाणी लाटेने येते आणि परत जाताना एखाद्या अरुंद चरातून जोराने आत ओढते. गंमत अशी, की त्या चराच्या जागी लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने धडपडतो, दमतो आणि बुडतो. तेथे किनाऱ्याला समांतर, आडवे पोहायचे असते. जमत नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करायचा.

कोकणातली जुनी माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचे. ज्यांना पाऊणकी पाठ आहे त्यांना हे अवघड नाही. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती पूर्ण, आणि तिथून सुमारे सहा तास ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरावा. आता दिवाळीचा हिशेब करा. लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे उधाणाचे दिवस नुकतेच सरत असताना आपण निघतो आणि चतुर्थी-पंचमीला किनाऱ्यावर पोहोचतो. तेव्हा दुपारी तीन-चारला भरती संपते आणि संध्याकाळी पाच-सहाला, ऊन उतरले म्हणून सगळे घर पाण्यात शिरते त्या वेळी, पाणी आत ओढत असते. हा हिशेब अंदाजापुरता. नेमकी वेळ आणि धोक्याची जागा स्थानिक कोळी बांधवांना आणि जीवरक्षकांना विचारावी, आणि ते ‘नको’ म्हणाले तर वाद घालू नये. पाणी गुडघ्याच्या वर नको, मुलांचा हात सोडू नये, आणि पिऊन पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी सरळ अडवावे. भीड बाळगू नये.

कोणी ओढले गेले तर मागोमाग उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलेही अनेकदा बुडतात. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. आणि शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही, खोकला येत असेल तर, रुग्णालयात नेऊन एक रात्र देखरेखीखाली ठेवावे.

घाम, साखर आणि तळपाय

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. तिथून दोनतीन तासांत आपण किनाऱ्यावर उतरतो. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि मीठ-पाणी मात्र जात राहते. लघवी पिवळी झाली, डोके दुखू लागले, की पाणी कमी पडले असे समजावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) ही घरगुती जलसंजीवनी सर्वांना परवडते. हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांनी मात्र पाणी-मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

मधुमेही माणसाची गोष्ट निराळी आहे. सकाळी गोळी घेतली, दर्शनाची रांग लांबली, जेवणाला तीन वाजले, आणि घाम फुटला. घरचे म्हणतात, ‘उकाडा आहे हो, घाम येणारच!’ तो घाम उकाड्याचा नसून साखर उतरल्याचा असतो. हात थरथरणे, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले तर तपासणीची वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. इन्शुलिन उभ्या गाडीत ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूच्या छोट्या मडक्यात ते चांगले राहते. बर्फाला ते टेकू देऊ नये.

गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा अनवाणी करण्याची प्रथा आहे. ज्यांच्या तळपायाची जाणीव मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना दुपारची तापलेली फरशी किंवा वाळू चटके देते, पण ते कळत नाही. रात्री फोड दिसतो. अशा फोडाची जखम होऊन बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. प्रदक्षिणा सकाळी लवकर करावी, पायात जाड मोजे असावेत. देवाची हरकत नसावी.

खाण्याविषयी थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; त्या काळात ताटातला मासा कुठला, हे विचारायला हरकत नाही. बांगडा, तारली हे मासे उन्हात राहिले तर त्यांत असे द्रव्य तयार होते, की ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंग खाजते. सोलकढी ताजी असेल तरच प्यावी. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचे. सुके मासे, लोणची, पापड यांतले मीठ रक्तदाबवाल्यांना जाचते. नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात, अर्ध्या हातातल्या पिशवीत आणि अर्ध्या दुसऱ्या सामानात.

परतल्यावर दोनतीन आठवड्यांत ताप आला तर तो ‘हवाबदलाचा’ म्हणून अंगावर काढू नये. पावसाळ्यात आणि नंतरही साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोचे जंतू शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे, आणि वेळेत ओळखला तर तो साध्या औषधांनी बरा होतो. हिवतापही डासांबरोबर येतो आणि माकडतापही गोचिडीबरोबर. डॉक्टरांकडे गेल्यावर कोणत्या तारखेला कोणत्या गावी होतो, जंगलात शिरलो होतो का, चिखलात उतरलो होतो का, हे न विचारताही सांगावे. रक्ताची कोणती तपासणी करायची ते त्यावरूनच ठरते.